वर्गात झोपणारे मूल

गेल्या पालकसभेत एका सद्गृहस्थांनी उभे राहून प्रश्न केला, "एका मुलाला शाळेच्या वेळात रोज दोनदा झोपायला कॉट देता. मग आमच्या मुलाने बाकावर डोके टेकले की त्याच्या डायरीत शेरा का?" प्रश्न सरळ होता आणि त्यात वावगे काही नव्हते. सभेत दोन वाक्यांत उत्तर देऊन भागण्यासारखा मात्र तो नव्हता, म्हणून या अंकातले आमचे नेहमीचे पान त्यासाठी खर्च करीत आहोत. त्या विद्यार्थ्याच्या आई-वडिलांना विचारूनच हे लिहिले आहे. त्याचे नाव आम्ही छापणार नाही. शाळेत बऱ्याच जणांना ते ठाऊक आहे, पण पत्रिका घरोघर जाते, इंदूरहून देवास-उज्जैनच्या नातेवाइकांकडेही पोहोचते. तेव्हा त्याला आपण नुसते 'हा मुलगा' म्हणू.

त्याला नार्कोलेप्सी नावाचा आजार आहे. मराठीत यासाठी रुळलेला शब्द नाही. 'निद्राविकार' म्हणावे तर घोरण्यापासून निद्रानाशापर्यंत सगळेच त्यात येते. १८८० मध्ये जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे नाव दिले. त्यांचा रुग्ण दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. दिवसातून कितीतरी वेळा त्याला आवरता न येणारी झोप लागे आणि भावना उचंबळून आल्या की पाय गळून तो खाली बसे. म्हणजे आजार काही मोबाईलच्या जमान्यातला नव्हे.

आम्ही विज्ञानाची पदवी हिंदी माध्यमातून घेतली. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला आमच्या पुस्तकांत 'अधश्चेतक' म्हणत. भूक, तहान आणि शरीराचे तापमान तो सांभाळतो एवढे आम्ही पाठ केले होते. जागेपणाची किल्लीही तिथेच आहे हे त्या पुस्तकांत असणे शक्यच नव्हते, कारण तो शोध १९९८ चा. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गटांना तिथल्या पेशींत तयार होणारे एकच रसायन सापडले. एका गटाने त्याला हायपोक्रेटिन म्हटले, दुसऱ्याने ऑरेक्सिन, आणि दोन्ही नावे आजतागायत चालतात. माणसाच्या मेंदूतल्या अब्जावधी पेशींपैकी हे रसायन बनवणाऱ्या पेशी जेमतेम सत्तर हजारांच्या घरात आहेत. घरातल्या सगळ्या दिव्यांची बटणे एका पाटीवर असावीत तशी ही व्यवस्था आहे. त्या पेशी गेल्या की जागेपण टिकत नाही. झोप आणि जाग यांच्यामधले दार सैल होऊन वाऱ्याने हलत राहते.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. आमच्या पिढीला विद्यार्थ्याची पाच लक्षणे शिकवताना 'श्वाननिद्रा' शिकवली गेली, म्हणजे कुत्र्यासारखी सावध झोप. योगायोग असा की या आजाराचे कोडे सोडवायला कुत्रेच उपयोगी पडले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात असे कुत्रे सांभाळायला सुरुवात केली की आवडीचे खाणे समोर आले तर आनंदाच्या भरातच ज्यांचे पाय गळत आणि ते जमिनीवर लोळत. पुढे तेथेच इमान्युएल मिन्यो यांनी डॉबरमन जातीच्या कुत्र्यांत वर्षानुवर्षे त्याचे जनुक शोधले. १९९९ मध्ये ते सापडले, तेव्हा ऑरेक्सिनचा संदेश स्वीकारणारी यंत्रणाच त्यांच्यात बिघडलेली निघाली. त्याच वर्षी मासाशी यानागिसावा यांनी उंदरांवर तेच दाखवले. २००० मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी झाली आणि माणसात या पेशीच जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. मिन्यो आणि यानागिसावा यांना २०२३ सालचा ब्रेकथ्रू पुरस्कार या कामासाठी मिळाला.

पेशी का मरतात? शरीराची स्वतःची संरक्षण-व्यवस्थाच चुकून त्यांच्यावर उलटते, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्यासाठी विशिष्ट जनुकीय ठेवण लागते, पण तीच ठेवण असलेली कितीतरी माणसे ठणठणीत असतात. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर चीनमध्ये मुलांत हा आजार वाढलेला दिसला. त्याच सुमारास फिनलंड आणि स्वीडनमध्ये पँडेम्रिक्स नावाच्या एका लसीनंतरही तसे आढळले. ती लस आता कुठेही वापरात नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की अर्धवट माहितीवर कोणी आपल्या मुलांची बाकीची लसीकरणे थांबवू नयेत. आणखी एक शंका आमच्या कानावर हलक्या आवाजात आली आहे, ती म्हणजे हे घराण्यात चालते का आणि पुढे सोयरिकीला अडचण येईल का. आई-वडिलांना असेल तर मुलाला होण्याचा संभव एक-दोन टक्क्यांच्या आसपास आहे. पत्रिका जुळवणाऱ्यांनी याहून मोठ्या गोष्टींची काळजी करावी.

आता शाळेत हे कसे दिसते ते सांगतो, कारण पालकांना आणि शिक्षकांना खरा उपयोग त्याचा आहे. हा मुलगा आमच्याकडे आला तो दुसऱ्या एका शाळेतून. तिथल्या प्रगतिपत्रकावर दोन वर्षे ओळीने 'आळशी, लक्ष देत नाही' असा शेरा होता. वर्गात त्याला 'कुंभकर्ण' म्हणत. हे नाव दुष्टपणाचे तर आहेच, पण चुकीचेही आहे. कुंभकर्ण झोपला की सलग झोपत असे. नार्कोलेप्सीच्या रुग्णाची रात्रीची झोप तुटक असते, तो रात्री वारंवार जागा होतो. चोवीस तासांचा हिशेब केला तर तो इतरांपेक्षा फार जास्त झोपतो असेही नाही. फक्त त्याची झोप नको त्या वेळी येते आणि हव्या त्या वेळी टिकत नाही.

आमच्या मराठीच्या बाईंना प्रथम शंका आली ती त्याच्या वहीवरून. शुद्धलेखन चांगले, अक्षर गोल. आणि मधल्याच एका ओळीपासून अक्षर खाली घसरत जाते, शब्दांचे नुसते वेटोळे होतात, आणि चार ओळींनंतर पुन्हा स्वच्छ अक्षर सुरू. बाईंनी अशी सहा पाने खुणा करून ठेवली. मुलाला विचारले तर त्याला त्या ओळी लिहिल्याचे आठवत नव्हते. हात चालू राहतो आणि मेंदू झोपेत जातो, असे या आजारात होते. कोणी बोलत राहतो, कोणी जेवत राहतो. झोपलेला मुलगा पकडणे सोपे असते. डोळे उघडे ठेवून, पेन चालवत झोपलेला मुलगा ओळखायला वह्या मनापासून तपासणारा शिक्षक लागतो. पुढे डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच ती वही मागून घेतली.

दुसरे लक्षण अधिक चमत्कारिक आहे आणि त्याबद्दल आम्हाला जास्त सांगायचे आहे. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. खळखळून हसू आले, अचानक आनंद झाला, राग आला, कधी आश्चर्य वाटले, की स्नायूंतली ताकद काही सेकंद निघून जाते. मान झुकते, जबडा सैल पडतो, जीभ जड होते, गुडघे वाकतात. जोराचे असेल तर मूल खाली कोसळते. लहान मुलांत कधी कधी तोंडच सैल पडून जीभ बाहेर येते आणि मोठ्यांना वाटते की वेडावतोय. हे बहुतेक वेळा दोन मिनिटांच्या आत संपते. पण त्या वेळात शुद्ध पूर्ण असते. आजूबाजूला कोण काय बोलले हे सगळे त्याला ऐकू येते. 'नाटक करतो', 'मिरगी आहे', 'याच्या अंगात येते' हे सगळे तो जमिनीवर पडल्या पडल्या ऐकत असतो.

स्वप्नांच्या झोपेत आपले हातपाय लुळे असतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण पलंगावरून उठून पळत नाही. तोच लुळेपणा जागेपणी घुसला की कॅटाप्लेक्सी होते. याच कारणाने झोपेच्या उंबरठ्यावर जाग असूनही हलता न येणे, कोणी खोलीत उभे आहे असे दिसणे, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटणे हेही अशा रुग्णांत वरचेवर होते. आपल्या घरांत याची उत्तरे तयार असतात. या मुलालाही काही महिने एका ठिकाणी उतारा आणि दुसऱ्या ठिकाणी झाडफूक झाली; गळ्यातला ताईत अजून आहे. तो काढा असे आम्ही म्हटलेले नाही. गोळी चुकवू नका एवढेच म्हटले.

पण आमचे मन जिथे अडकते ती गोष्ट वेगळी. पडू नये म्हणून हा मुलगा हसायचे टाळू लागला होता. मित्र विनोद सांगत असले की तो उठून नळावर पाणी प्यायला जाई. स्नेहसंमेलनात विनोदी नाटुकले सुरू झाले की हा सभागृहाबाहेर. शिक्षक म्हणत, मुलगा गंभीर आहे, समजूतदार आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने हसू गिळायला शिकावे आणि त्याचे आपण कौतुक करावे! काही विद्यार्थ्यांना मात्र त्याचे गुपित कळले होते आणि तो पडतो कसा हे पाहण्यासाठी मुद्दाम हसवण्याचा खेळ सुरू झाला होता. हा खेळ आम्ही बंद केला. शिक्षेने नव्हे, त्या चार मुलांनाच आम्ही त्याच्या बाजूच्या बाकांवर बसवले आणि तो झुकला की डोके बाकाच्या कडेवर आपटणार नाही हे पाहण्याचे काम त्यांना दिले. आता त्यांच्यासमोर तो हसतो, एखादे वेळी कोलमडतोही, आणि ते त्याला भिंतीला टेकवून बसवून आपले बोलणे पुढे चालू ठेवतात. डॉक्टरी इलाजाइतकेच हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

असा प्रसंग कोणासमोर आला तर करायचे फारच थोडे आहे. पडताना लागू द्यायचे नाही, मान नीट ठेवायची, शेजारी थांबायचे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडावर पाणी मारू नये, दहा जणांनी गराडा घालू नये. शुद्ध हरपली, हातपाय झटके देऊ लागले, किंवा पाच मिनिटांत सावरले नाही, तर तो वेगळा प्रकार असू शकतो. मग दवाखाना गाठावा. कॅटाप्लेक्सीला मिरगी समजून वर्षानुवर्षे त्याच्या गोळ्या दिल्या जाण्याचे प्रकार घडतात. रोगाचे निदान व्हायला आठ-दहा वर्षे लागणे जगभर सामान्य आहे. लक्षणे बहुधा दहा ते वीस या वयात सुरू होतात, म्हणजे नेमकी मूल शाळेत असते तेव्हा. ती आठ-दहा वर्षे कोणती असतात हे पालकांनीच मोजावे: दहावी, बारावी, कॉलेजचा प्रवेश, पहिली नोकरी.

निदानाची रीत अशी. आधी एक-दोन आठवडे झोपेची रोजनिशी ठेवतात. मग निद्रा-प्रयोगशाळेत एक रात्र तारा लावून झोपवतात, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच झोपा घ्यायला लावतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि निदान दोनदा पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप सुरू झाली, तर नार्कोलेप्सीकडे बोट जाते. तुम्हा-आम्हाला स्वप्नांच्या झोपेपर्यंत पोहोचायला दीड तास लागतो. मोठ्या शहरांत निद्रा-प्रयोगशाळा आता झाल्या आहेत, पण त्या मुख्यतः घोरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी चालतात, तेव्हा दिवसाची चाचणी तेथे होते का हे आधी विचारून जावे. सुरुवात न्यूरॉलॉजिस्टपासून करावी.

आता इलाज. रोग मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण आजार आवाक्यात ठेवता येतो, चांगला ठेवता येतो, आणि त्याचे तीन भाग आहेत: ठरलेली झोप, ठरलेला दिनक्रम आणि औषध. लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात. डॉक्टर पहिल्यापासून करतात.

ठरलेली झोप म्हणजे दिवसातून दोनदा पंधरा ते वीस मिनिटे, झोप येण्याआधी. या आजारात एवढीशी झोपही ताजेतवाने करते. ती घेतली की पुढचे दोन-तीन तास बऱ्यापैकी जातात. म्हणून हा मुलगा तिसऱ्या तासानंतर आणि डबा खाल्ल्यावर वैद्यकीय कक्षात जातो, घड्याळ लावून झोपतो आणि परत येतो. पालकसभेतल्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे. ती वीस मिनिटे विश्रांती म्हणून दिलेली नाहीत, ती औषधाची मात्रा आहे. गोळी खिशात ठेवता येते, झोप ठेवता येत नाही, एवढाच फरक. मधुमेह असलेल्या मुलांना खाण्याच्या वस्तू परीक्षा-दालनात नेण्याची परवानगी सीबीएसईने २०१७ मध्येच दिली, तेव्हा 'मग आमच्या मुलालाही केळे हवे' असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. या मुलाचे त्यात काही फुकट जात नाही असेही नाही. बुडालेला अर्धा तास तो शेजाऱ्याच्या वहीवरून भरून काढतो, आणि चाचण्या आम्ही शक्यतो त्याच्या झोपेनंतरच्या तासाला ठेवतो. वेळापत्रक सबंध शाळेचे बदलता येत नाही. एका चाचणीची वेळ बदलता येते.

दिनक्रमाचे काम घरचे आहे आणि इंदुरात ते सोपे नाही. रात्री ठरल्या वेळी झोपायचे आणि सकाळी ठरल्या वेळी उठायचे, रविवारीही. पाहुणे आले की रात्री अकराला सराफ्यात जायचे आणि एक वाजता गराडू खाऊन परतायचे हा आपल्या शहराचा धर्म. या घराने तो सोडला आहे. दुपारी भरपेट गोड-तेलकट खाल्ल्यावर झोप अनावर होते, म्हणून डब्यात पोळी-भाजी, मोड आलेले मूग, थोडे दही असते. या आजाराबरोबर मुलांचे वजनही वाढते, तेव्हा संध्याकाळचे खेळणे औषधासारखेच पाळावे लागते.

औषधांचा इतिहास जुना आहे. १९३० च्या दशकात अॅम्फेटॅमिन वापरीत, पुढे मिथाइलफेनिडेट आले. फ्रान्समध्ये शोधलेले मोडाफिनिल आज बऱ्याच ठिकाणी पहिली पसंती आहे. ते सकाळी देतात, दिवसभर काम करते. डोके दुखणे, भूक मंदावणे हे त्रास होतात. अंगावर पुरळ उठले तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचे असते. मुलांना ते देताना डॉक्टर जपून मात्रा ठरवतात. कॅटाप्लेक्सीसाठी नैराश्यावरची काही औषधे थोड्या प्रमाणात देतात, उदाहरणार्थ व्हेनलाफॅक्सिन. ती एकदम बंद केली तर कोसळण्याचे प्रकार पूर्वीपेक्षा जोराने उलटतात. सुट्टीत गावाला जाताना गोळ्या घरी विसरल्या, चार दिवसांनी घेऊ, असे येथे चालत नाही. रात्री घ्यायचे सोडियम ऑक्सिबेट अमेरिकेत २००२ पासून आहे आणि २०१८ पासून सात वर्षांवरील मुलांना देतात; पिटोलिसंट हे आणखी एक. हरवलेल्या ऑरेक्सिनचेच काम करणारी नवी औषधे चाचणीत आहेत. २०२५ मध्ये त्यांपैकी एकाच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल चांगले आले. या मुलाची आई ती बातमी कात्रण करून आमच्याकडे घेऊन आली होती. आम्ही तिला एवढेच म्हटले की आशा ठेवा, पण आजची गोळी आज द्या.

आता एक अप्रिय गोष्ट लिहितो. पालकसभेनंतर तीन पालक आम्हाला वेगवेगळे भेटले आणि तिघांनीही त्या गोळीचे नाव विचारले. चौकशी मुलाच्या प्रकृतीची नव्हती. 'आमच्या मुलाला रात्री दोनपर्यंत अभ्यास करता येत नाही, त्याला ही गोळी चालेल का?' भंवरकुव्याच्या कोचिंगच्या गल्ल्यांत अशा गोळ्या पोरे आपसांत वाटतात हे आम्ही ऐकून होतो. आई-वडील स्वतः मागायला येतील ही कल्पना नव्हती. नाव आम्ही वर छापले आहे, कारण लपवून काही साधत नाही. पण हे डॉक्टरांच्या चिठ्ठीचे औषध आहे. ज्याच्या मेंदूत जागेपणाचे रसायन नाही त्याला ते आधार देते. ज्याच्या मेंदूत ते आहे त्याची झोप ते चोरते, आणि दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. एका मुलाने जागे राहण्यासाठी गोळी घ्यावी आणि तीच गोळी मिळवून दुसऱ्याने झोप घालवावी, हे आम्हाला पाहवत नाही. शाळेच्या आवारात कोणा विद्यार्थ्याकडे चिठ्ठीशिवाय अशी गोळी सापडली तर आम्ही त्याच दिवशी पालकांना बोलावू, आणि त्यात ओळखपाळख पाहणार नाही.

याचा अर्थ पेंगणारे प्रत्येक मूल या आजाराचे आहे असाही नाही. हा आजार दर दोन ते चार हजार माणसांत एखाद्याला असतो. आमच्या वर्गांत पहिल्या तासाला पेंगणारी मुले त्याहून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या आजाराचे नाव मोबाईल आणि रात्री साडेनऊला संपणारी शिकवणी. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, सहा ते बारा वयाला नऊ ते बारा. पेंगणाऱ्या मुलाला आधी दोन आठवडे वेळेवर झोपवून पाहावे. तरीही पेंगत असेल तर घोरतो का, टॉन्सिल वाढलेत का, रक्त कमी आहे का, सर्दीच्या गोळ्या चालू आहेत का, मन खिन्न आहे का, हे पाहावे. पुरेशी झोप होऊनही पेंगतो, हसताना गळून पडतो, रात्री दचकून 'कोणी उभे आहे' म्हणतो, अशी एकाहून अधिक लक्षणे दिसली तर उशीर करू नये. डायरीतल्या शेऱ्याबाबत म्हणाल तर त्या प्रश्नकर्त्या गृहस्थांच्या मुलाशी आम्ही बोललो. तो रात्री बारापर्यंत क्रिकेटचा गेम खेळतो. शेरा राहील.

परीक्षेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. मज्जासंस्थेच्या चिरकाल विकारांचा त्यात उल्लेख आहे, पण नार्कोलेप्सी नावाने नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांना बोर्डाच्या तीन तासांच्या पेपराला एक तास जादा मिळतो. या मुलाला तासापेक्षाही मध्ये वीस मिनिटे डोळे मिटण्याची परवानगी आणि ती वीस मिनिटे शेवटी भरून मिळणे महत्त्वाचे आहे. नियमांच्या चौकटीत हे कुठे बसते ते कोणालाच पटकन सांगता येत नाही. काही सहकाऱ्यांचे मत पडले की एका मुलासाठी एवढी लिखापढी कशाला, त्याने ओपन स्कूलमधून परीक्षा द्यावी. आम्हाला ते मान्य नाही. गणितात तो वर्गातल्या पहिल्या पाचांत आहे, आणि झोपेच्या वीस मिनिटांसाठी त्याला शाळेच्या बाहेर काढायचे तर मग ही शाळा आपल्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून कशासाठी उभी केली हे आम्हाला कळत नाही.

तेव्हा न्यूरॉलॉजिस्टचे पत्र, चाचणीचा अहवाल आणि जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडून शाळेतर्फे अर्ज तयार झाला आहे. या महिन्यात तो मंडळाच्या भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जाईल. आमच्या पालकांपैकी कोणाला अशा प्रकरणातल्या कागदपत्रांचा अनुभव असेल तर त्यांनी दुपारी दोननंतर कार्यालयात भेटावे. मुलाच्या वडिलांना आम्ही सांगितले आहे की आजार काबूत आल्याचे डॉक्टर लिहून देईपर्यंत त्याच्या हाती स्कूटी द्यायची नाही आणि पोहायला एकटे पाठवायचे नाही. तसे लायसन्सचे वय न झालेल्या कोणाच्याच हाती ती देऊ नये, पण शाळेच्या फाटकाबाहेर रोज दुपारी काय दिसते ते सर्वांना माहीत आहे. वैद्यकीय कक्षातला पंखा फार खडखडतो. तो या आठवड्यात बदलून घेत आहोत, आणि खिडकीला जाड पडदा शिवून देण्याचे दोन आयांनी कबूल केले आहे.